जुनी पेटी ऑनलाइन घेताना, आणि विकताना

आमच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्यातून दोन-तीनदा तरी कुणीतरी एखाद्या जाहिरातीचा फोटो टाकतं आणि खाली विचारतं, "काका, घेऊ का?" फोटोत चकचकीत पेटी, म्हणजे हार्मोनियम, मागे सोफा, मजकूर ठरलेला: 'मुलीने क्लास सोडला, फक्त दोन महिने वापरली, एकदम नवीसारखी.' मी दरवेळी तेच उत्तर देतो. फोटो पाहून मला काहीही कळत नाही, भाता दाखवायला सांग.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. काही वर्षांपूर्वी मी नाशिकच्या एका गृहस्थांकडून ११,५०० रुपयांना दुहेरी सुरांची पेटी घेतली. फोटो नऊ होते, नऊही सुंदर. पेटी आली, झाकण उघडलं, भाता मारला आणि हात काढला तर फुस्स. एक सूर धड पाच सेकंद टिकेना. मागच्या बाजूच्या आतल्या घडीत उंदराने करंगळीएवढं भोक पाडलं होतं. विकणाऱ्याला ते ठाऊक होतं की नाही, देव जाणे. नऊ फोटोंत ती घडी कुठेच नव्हती आणि मीही मागितली नव्हती.

पुढचं सगळं मुख्यतः पेटीबद्दल आहे, कारण ऑनलाइन सर्वांत जास्त फसगत तिच्यातच होते. तबला-तानपुऱ्याचंही सांगतो, पण थोडक्यात.

आधी आपल्याला काय हवंय ते ठरवा

जाहिराती उघडण्याआधी गुरुजींना किंवा मंडळातल्या जाणत्या माणसाला तीन गोष्टी विचारा: सुरांचे संच किती, कपलर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली तिची जोडीदारही खाली नेणारी सोय) हवा का, स्केल चेंजर हवा का. खर्ज (खालच्या सुरांचा) आणि नर (त्याच्या वरच्या सप्तकाचा) असे दोन संच असलेली, साडेतीन सप्तकांची म्हणजे ४२ पट्ट्यांची पेटी शिकायला, भजनाला आणि घरच्या रियाजाला पुरते. ३९ पट्ट्यांचीही चालते. तीन संचांची पेटी भरदार वाजते, पण त्यात १२६ रीड, म्हणजे सूर काढणाऱ्या पितळी पात्या, असतात. बिघडायच्या जागाही तितक्याच, वजनही वाढलेलं.

स्केल चेंजरचा मोह आवरा. त्यात पट्ट्यांचा सगळा साचा सरकवून गायकाची पट्टी, म्हणजे त्याच्या साची उंची, बदलता येते, बोटं मात्र सवयीच्याच जागी राहतात. रोज वेगवेगळ्या गायकांना साथ करणाऱ्याला ती सोय सोन्यासारखी आहे. संगीताच्या प्रवेशिका परीक्षेला बसणाऱ्या मुलाला नाही. त्याने काळी एक, पांढरी चार, काळी पाच (सप्तकातली पहिली काळी, चौथी पांढरी, पाचवी काळी पट्टी) अशा वेगवेगळ्या जागांवरून सा धरायला शिकलेलं बरं. शिवाय जुन्या स्केल चेंजरचा सरकता साचा ढिला झाला की पट्ट्या खाली अडकू लागतात आणि ते नीट करून देणारा कारीगर प्रत्येक गावात सापडत नाही.

शोधताना एक युक्ती. विकणारे बहुतेक लोक संगीतातले नसतात, त्यामुळे हार्मोनियमचं इंग्रजी स्पेलिंग हमखास चुकवतात. दोन-तीन चुकीची स्पेलिंगं टाकून पाहा, मराठीत 'पेटी' आणि 'बाजाची पेटी' टाकून पाहा. ज्या जाहिराती इतरांना दिसत नाहीत तिथे घासाघीसही कमी असते.

फोटो मागायचे ते असे

समोरून काढलेला फोटो कुणीही पाठवतो. तुम्ही मागा: भाता पूर्ण उघडून दोन्ही कडांच्या घड्या, पेटीचा तळ, मागची बाजू, आणि वरचं झाकण व जाळी काढून आतला भाग. जमत असेल तर सुरांची पाटी उलटी करून रीडचा जवळून फोटो. रीड पितळेची असते. दमट जागी राहिलेल्या पेटीत तिच्यावर पितळी भांडं कळकावं तशी हिरवट छटा दिसते. पुष्कळ ओरखडे दिसले तर ती पेटी अनेकदा लावून (सुरात आणून) घेतलेली आहे असं समजा. रीड टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो, आणि दरवेळी धातू थोडा थोडा जातो. फार घासलेली रीड आज सुरात असली तरी ती तशी राहील याचा भरवसा नाही.

बिल्ल्यावर जाऊ नका. कलकत्त्याच्या नामांकित कारखान्याचा बिल्ला लावायला दोन खिळे पुरतात. 'जर्मन सूर' हे शब्दही असेच. जुन्या पेट्यांत खरोखर जर्मन आणि फ्रेंच रीड असत, आजच्या बहुतेक पेट्यांत देशी रीड असतात आणि त्यासाठी गुजरातेतलं पालिताणा प्रसिद्ध आहे. देशी म्हणजे वाईट असं मुळीच नाही. पण जर्मन म्हणून दुप्पट पैसे मागत असेल तर रीड दाखव म्हणावं.

फार जुनी, आजोबांच्या काळची पेटी किंवा नक्षीदार तानपुरा असेल तर आणखी एक चौकशी करा. पट्ट्यांवर किंवा नक्षीत हस्तिदंत असेल तर त्या वाद्याच्या नादी लागू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली हस्तिदंताची खरेदी-विक्री गुन्हा आहे, 'वडिलोपार्जित आहे' म्हणून सुटका होत नाही. जुन्या सतारी-तानपुऱ्यांवरच्या सांबरशिंगाच्या घोडीचंही (तारा जिच्यावर टेकतात तिचं) तेच.

व्हिडिओ कॉल: इथे अर्धा तास द्या

फोटो पटले की भाव बोलायच्या आधी कॉल ठरवा. समोरच्याला सांगा, पंखा बंद, टीव्ही बंद, फोन पेटीपासून हातभर अंतरावर टेकवून ठेवा. तुम्ही स्वतः हेडफोन लावा, कारण फोनच्या स्पीकरमधून खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही.

एक घोळ आधीच सांगून ठेवतो. कॉलवर बोलणं स्पष्ट ऐकू यावं म्हणून ही ॲप्स मागचा एकसारखा आवाज गोंगाट समजून दाबतात. पेटीचा लांबवलेला सूर त्यांना मिक्सरच्या घरघरीसारखाच वाटतो. त्यामुळे चांगल्या पेटीचा सूरही कॉलवर मध्येच विरतो, आणि आपण उगाच पेटीला नाव ठेवतो. म्हणून दोन्ही मागा. कॉल हवा तो हीच पेटी आहे आणि हाच माणूस आहे याची खात्री करायला, आणि फोनच्या कॅमेऱ्यावर केलेलं रेकॉर्डिंग हवं ते आवाज ऐकायला. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला त्याने आजची तारीख आणि तुमचं नाव उच्चारायचं, मग वाजवायचं. मागच्या वर्षीचा व्हिडिओ पाठवायची सोयच राहत नाही.

आता क्रम. पहिल्यांदा स्टॉप, म्हणजे एकेका संचाची हवा उघडणारे पुढचे खुंटे, उघडायचे, एकही पट्टी दाबायची नाही आणि भाता भरायचा. भरला की हाताला तो कडक लागला पाहिजे, आणखी दाबला तर विरोध केला पाहिजे. नुसता दाबला जात असेल तर हवा कुठूनतरी पळते आहे. पट्टी न दाबता एखादा सूर आपोआप कण्हत असेल तर त्या पट्टीखालची गादी नीट बसत नाही. हे बहुधा किरकोळ काम असतं, पण किंमत बोलताना लक्षात ठेवायचं.

दुसरं, एकच स्टॉप उघडा ठेवून मधल्या सप्तकातली काळी एक दाबायची, भाता पूर्ण भरून हात काढायचा आणि सेकंद मोजायचे. माझ्या रोजच्या पेटीवर पंधरा-वीस सेकंद सूर टिकतो. पाच-सहा सेकंदांत मान टाकली तर नाशिकची पेटी आठवा. या एका चाचणीने निम्म्या जाहिराती बाद होतात, आणि अंगात सूर नसलेला माणूसही ती करू शकतो.

तिसरं, कंटाळवाणं पण टाळू नये असं. खर्जाचा स्टॉप एकटा उघडून डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी, काळ्या-पांढऱ्या सगळ्या, प्रत्येक दोन सेकंद. मग तेच नराचं. दोन्ही मिळून ८४ सूर. समोरचा वैतागेल, वैतागू द्या. तुम्ही वहीत तीन खुणा करायच्या: मुका सूर, उशिरा बोलणारा सूर, खरखरणारा सूर. खरखर पुष्कळदा रीडमध्ये अडकलेल्या धुळीच्या कणाची असते आणि दोन मिनिटांत जाते. मुका सूर धुळीनेही होतो आणि रीड तुटल्यानेही. मोडलेली रीड बदलता येते, पण नवीचा आवाज शेजारच्यांशी जुळवणं कसबाचं काम आहे. चारपेक्षा जास्त खुणा झाल्या तर मी पुढे जात नाही.

चौथं, दोन्ही स्टॉप उघडून तोच प्रवास. आता सूर एकमेकांत मिसळतात की लहरतात ते ऐका. खर्ज आणि नर जुळलेले नसतील तर वांव-वांव अशी हलकी लाट येते. फोनवर फुकटचं ट्यूनर ॲप घेऊन रेकॉर्डिंग त्याला ऐकवा. सगळी पेटीच थोडी चढी असेल तर घरी एकट्याने गाताना काही बिघडत नाही. काही सूर चढे आणि काही उतरे असतील तर पेटी लावून घ्यावी लागेल, आणि तो खर्च तुमचा. कारीगराला फोन करून आकडा विचारा, भावातून तेवढा वजा करायला सांगा.

शेवटी कपलर ओढून एक पट्टी दाबायला सांगा, खालच्या सप्तकातली जोडीदार पट्टी आपोआप खाली गेली पाहिजे. स्केल चेंजर असेल तर प्रत्येक घरात सरकवून दोन-दोन सूर.

ऋतूचंही भान ठेवा. जुलैत रत्नागिरीच्या घरात एखादी पट्टी अडकत असेल तर ती लाकूड फुगल्यामुळे असू शकते, दसऱ्याला मोकळी होईल. उलट कोकणातली पेटी मे महिन्यात नागपूरला नेली तर लाकूड सुकून फट पडायची भीती. मी असल्या लांबच्या स्थलांतराच्या पेट्या उन्हाळ्यात घेतच नाही.

प्रत्यक्ष भेट, आणि पैसे

विकणारा तुमच्याच शहरात असेल तर त्याच्या घरी जाण्याऐवजी एखाद्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात भेटायचं ठरवा. कारीगराला पाहणीचे दोन-चारशे रुपये द्या. तो झाकण उघडून दहा मिनिटांत जे सांगेल ते तुम्हाआम्हाला तासभर वाजवून कळत नाही. प्रामाणिक माणूस याला हरकत घेत नाही. 'दुकानात कशाला, घरीच या ना' असं तीनदा म्हणणाऱ्याचा मला संशय येतो.

पैशाचं सोपं आहे आणि तरी रोज लोक फसतात. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. विकणाऱ्याला फोन येतो, 'मी फौजी आहे, बदली झाली आहे, पेटी न बघताच घेतो, तुम्हाला कोड पाठवतो तो स्कॅन करा.' हा प्रकार इतका जुना झाला आहे की त्यावर वग बसवता येईल, तरी चालतो, कारण फौजी म्हटलं की आपण हळवे होतो. कुठल्याही वाद्याचा खरा गिऱ्हाईक आवाज ऐकल्याशिवाय पैसे देत नाही. घासाघीस न करता लगेच हो म्हणणारा गिऱ्हाईक म्हणजे धोक्याची घंटा.

घेणाऱ्यानेही लांबच्या व्यवहारात पूर्ण रक्कम आधी देऊ नये. थोडं टोकन, पार्सल बांधताना व्हिडिओ, पावती हाती आल्यावर उरलेलं, असं बोलून घ्या आणि ते चॅटमध्ये लिखित ठेवा. विकणाऱ्याने पैसे आल्याचा स्क्रीनशॉट किंवा मेसेज पाहून माल सोडू नये, स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघावी. फसगत झालीच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा. जितका लवकर कराल तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

नवी पेटी एखाद्या दुकानाकडून किंवा मोठ्या संकेतस्थळावरून घेत असाल तर परतीच्या अटी आधी वाचा आणि बिल घ्या. तक्रारीला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. घरगुती माणसाकडून घेतलेल्या जुन्या वाद्याला मात्र गॅरंटी, परतावा काही नसतं. म्हणून तर ते ८४ सूर.

तबला आणि तानपुरा

तबल्यात पुडी (वरचं चामडं) ही झिजणारी वस्तू आहे, खोड (लाकडी अंग) महत्त्वाचं. पुडी बदलता येते, तडा गेलेलं खोड नाही. खोडाच्या आतला फोटो मागा, तळाशी भुसा दिसला तर कीड लागलेली आहे. डग्गा तांब्याचा की पितळेचा, वजन किती, पोचे कुठे, हे विचारा. हलका पत्र्यासारखा डग्गा फोटोत जड डग्ग्यासारखाच दिसतो, म्हणून वजनकाट्यावर ठेवून फोटो मागवा. तोंडाचं माप मोजपट्टी ठेवूनच. साडेपाच इंचांच्या आसपासचा तबला काळी एकला बसतो. घरात काळी चारला गाणारं कुणी असेल तर वेगळा तबला घ्यायची घाई नको, काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एकच, तोच तबला मध्यमात लावून चालतो.

तानपुऱ्यासाठी मिरजेला फोन करा, माझं तरी तेच मत. तिथली घराणी दीडशेहून अधिक वर्षं हे काम करत आहेत, मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. जुना घेताना भोपळ्यावर बोटाने टकटक करून रेकॉर्ड करायला सांगा. तडा असलेला भोपळा फुटक्या मडक्यासारखा बोलतो. भोपळा आणि दांडी जिथे जुळतात तो सांधा, आणि दांडी बाजूने धरून तिचा बाक, एवढं पाहा. जवारी, म्हणजे तारेला गुंजवणारी घोडीवरची घासणी, उतरलेली असली तर चिंता नको, ती पुन्हा लावता येते.

विकणाऱ्यांसाठी

वरचं सगळं उलटं वाचा, तीच तुमची जाहिरात. भात्याच्या घड्यांचे फोटो, माप, वजन, पट्ट्या किती, संच किती, कपलर आहे-नाही, आणि दोन मिनिटांचा वाजवलेला व्हिडिओ. दोष लपवू नका. 'तार सप्तकातला कोमल निषाद उशिरा बोलतो' असं लिहिलेली जाहिरात वाचली की मला वाटतं, हा माणूस पेटी ओळखतो. अशी पेटी मी दोन पैसे जास्त देऊन घेतो.

विकण्याआधी कोरड्या फडक्याने पुसा, एवढंच. भात्याला तेल चोळू नका, व्हिडिओ बघून रीड घासू नका. किंमत ठरवताना तशीच नवी आज कितीला मिळते ते पाहा, भावना त्यात मिळवू नका. आईने वाजवली होती हे खरं, पण त्याची किंमत तुमच्या घरापुरती. वेळ साधायची तर गणपतीच्या महिना-दीड महिना आधी जाहिरात टाका, त्या दिवसांत मंडळं पेट्या शोधत असतात. फोटोत घराचा नंबर, मुलांचे चेहरे, कपाट येऊ देऊ नका.

पाठवणीत लोक दोन चुका करतात. एक म्हणजे भाडं न विचारता 'कुरिअर फ्री' लिहून बसतात. पार्सल मोठं असलं की कुरिअरवाले काट्यावरचं वजन पाहत नाहीत, आकारावरून धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतात. ७५ बाय ४५ बाय ४० चं खोकं म्हणजे २७ किलो, मग पेटी प्रत्यक्षात दहा किलोची का असेना. दुसरी चूक म्हणजे आतून मोकळी पेटी. भाता बंद करून कडी लावा, पट्ट्यांवर मऊ कापड दुमडून ठेवा म्हणजे झाकण लावल्यावर त्या हलणार नाहीत, स्केल चेंजर असेल तर तो खटक्यात बसवा. पेटी आधी प्लास्टिकमध्ये, मग फोममध्ये, मग खोक्यात, आणि खोकं हलवलं तर आत काही सरकता कामा नये. पावसाळ्यात सिलिकाच्या पुड्या टाका. तबल्याचे गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) उतरवा, तबला-डग्गा वेगळे बांधा. तानपुऱ्याच्या तारा सैल करा, घोडीखाली कापूस द्या, आणि लाकडी खोक्याशिवाय तो पाठवूच नका.

जवळच्या गावी मला ट्रॅव्हल्सच्या बसपेक्षा ओळखीच्या माणसाची गाडी बरी वाटते. पेटी मागच्या सीटवर, बेल्ट लावून. हसू नका, माझी एक पेटी अशीच साताऱ्याहून आली आहे.

पार्सल हाती आलं की उघडण्याआधीच रेकॉर्डिंग सुरू करा, चारी बाजूंनी खोकं दाखवा, मग चिकटपट्टी कापा. पेटी पावसातून आली असेल तर पंख्याखाली रात्रभर राहू द्या, लगेच वाजवून निकाल लावू नका. सकाळी भाता भरा, काळी एकवर बोट ठेवा, हात काढा आणि मोजायला लागा.